‘प्रोत्साहन’ आणि ‘नियमन’ : अमेरिकेच्या व्यापारी अवकाश-वाहतूक धोरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

३० ऑक्टोबर १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या स्वाक्षरीने अमेरिकेत ‘कमर्शियल स्पेस लाँच अ‍ॅक्ट’ अस्तित्वात आला. खासगी कंपन्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर अग्निबाण सोडावेत, त्यासाठी त्यांना एकाच खात्याकडून परवाना मिळावा आणि इतर खात्यांनी त्या खात्याशी सहकार्य करावे, असा या कायद्याचा स्थूल आशय होय. कायद्याने परिवहन मंत्र्यावर दोन कर्तव्ये सोपविली. पहिले, परवाने देताना सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता, मालमत्ता आणि राष्ट्रीय हितसंबंध यांचे रक्षण करणे. दुसरे, या उद्योगाला उत्तेजन देणे, त्याच्या मार्गातील अडथळे दूर करणे आणि त्याचा प्रसार करणे. गेल्या चार दशकांत या कायद्यात अनेक दुरुस्त्या झाल्या. पण ही दोन कर्तव्ये एकाच कार्यालयाच्या शिरावर राहिली.

अवकाश-उद्योगावरील लेखनात शासकीय यंत्रणांच्या परस्पर-सहकार्याचा उल्लेख बहुधा गौरवाने केला जातो. प्रस्तुत लेखात त्या गौरवाची तपासणी करावयाची आहे. ‘सहकार्य’ या एका शब्दाखाली दोन भिन्न व्यवहार झाकले जातात, असे आमचे मत आहे. अनेक खात्यांनी एकाच अर्जाची तीच ती छाननी करू नये यासाठी आपसांत केलेली व्यवस्था हा पहिला व्यवहार. त्यास समन्वय म्हणावे. ज्या यंत्रणांनी एकमेकींवर लक्ष ठेवावयाचे, त्यांनी एकाच उद्दिष्टाच्या मागे लागून ते लक्ष सैल सोडणे हा दुसरा. त्यास सामीलकी म्हणणे कठोर वाटले तरी तोच शब्द योग्य आहे. अमेरिकेच्या धोरणात हे दोन्ही व्यवहार एकत्र वाढले, आणि म्हणूनच त्याचे मूल्यमापन करणे अवघड होऊन बसले आहे.

परवान्यांचे अरण्य

समन्वयाची गरज खरी होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ९ सप्टेंबर १९८२ रोजी टेक्सासच्या किनाऱ्याजवळील मटागोर्डा बेटावरून ‘कोनेस्टोगा’ नावाचा अग्निबाण आकाशात झेपावला. खासगी भांडवलावर अवकाशापर्यंत पोहोचलेला हा पहिला अग्निबाण मानला जातो. तो सोडणाऱ्या ‘स्पेस सर्व्हिसेस’ या कंपनीच्या मोहिमेचे नेतृत्व नासाचे माजी अंतराळवीर डीक स्लेटन यांच्याकडे होते, आणि अग्निबाणाची मोटार लष्कराच्या ‘मिनिटमन’ क्षेपणास्त्रांच्या शिल्लक साठ्यातील होती. उड्डाण काही मिनिटांचे होते. त्यासाठीच्या परवानग्यांची यातायात मात्र दीर्घ होती. अग्निबाण अमेरिकेच्या हद्दीबाहेर समुद्रात पडणार, म्हणजे तो ‘निर्यात’ होणार, असा अर्थ लावून शस्त्रास्त्र-निर्यातीचा परवाना परराष्ट्र खात्याकडून घ्यावा लागला. हवाई हद्दीसाठी विमानवाहतूक प्रशासन आणि ध्वनिलहरींसाठी दूरसंचार आयोग यांची दारे निराळी होती. अग्निबाणाला अग्निबाण म्हणून ओळखणारे एकही खाते अमेरिकेच्या शासनात नव्हते. प्रत्येक खात्याने त्याला आपापल्या वहीतील जवळच्या रकान्यात बसविले. शासकीय कार्यालयांशी संबंध आलेल्या कोणाही वाचकाला हा अनुभव परका वाटू नये.

या गोंधळावर उपाय म्हणून रेगन प्रशासनाने मे १९८३ मध्ये व्यापारी प्रक्षेपणाला अनुकूल धोरण जाहीर केले. पुढे २४ फेब्रुवारी १९८४ रोजी कार्यकारी आदेश १२४६५ काढून परिवहन खात्याला प्रमुख खाते म्हणून नेमले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने या नेमणुकीला वैधानिक बळ दिले. लष्कर आणि नासा यांच्या प्रक्षेपणतळांचा वापर खासगी कंपन्यांना करू देण्याची तरतूदही याच कायद्यातील. केप कॅनव्हेरल किंवा व्हॅन्डेनबर्ग यांसारखा तळ कोणत्याही नव्या कंपनीला स्वबळावर उभारता आला नसता. हा समन्वयाचा भाग निर्विवाद उपकारक ठरला.

मात्र त्याच वेळी शासनाची एक यंत्रणा या उद्योगाच्या मुळावर उभी होती, हे सहसा सांगितले जात नाही. नासाचे स्पेस शटल व्यापारी उपग्रह सवलतीच्या दरात वाहून नेत होते. परिवहन खाते ज्या रोपट्याला पाणी घालत होते, त्याच्यावर नासाच्या वटवृक्षाची दाट सावली पडली होती. ती सावली कोणत्याही आंतरखातेीय समितीने हटविली नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ शटलचा स्फोट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये रेगन यांनी शटल यापुढे व्यापारी उपग्रह वाहणार नाही, असे जाहीर केले. खासगी प्रक्षेपणाची बाजारपेठ खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली. पहिले परवानाप्राप्त उड्डाण मार्च १९८९ मध्ये झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीचा उपग्रह ‘डेल्टा’ अग्निबाणाने कक्षेत गेला. कायदा होऊन तोवर जवळजवळ पाच वर्षे लोटली होती. या उद्योगाच्या यशाचे श्रेय सहकार्याला देणाऱ्यांनी या पाच वर्षांचा हिशेब मांडावयास हवा.

१९८८ च्या दुरुस्तीने नुकसानभरपाईची जी रचना केली, तिचा येथे थोडक्यात निर्देश करणे पुरेसे आहे. प्रक्षेपणामुळे त्रयस्थाचे नुकसान झाल्यास कंपनीने विशिष्ट मर्यादेपर्यंत, आणि कमाल ५० कोटी डॉलरपर्यंत, विमा उतरवावा. त्यापुढील १५० कोटी डॉलरपर्यंतचा, आणि महागाईनुसार वाढत जाणारा, भार संसदेच्या मंजुरीने शासनाने उचलावा, अशी ती त्रिस्तरीय योजना आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार परदेशात झालेल्या नुकसानीस प्रक्षेपक राष्ट्र जबाबदार असतेच. त्यामुळे या योजनेला तर्काचा आधार आहे. तरीही नफा खासगी आणि अंतिम जोखीम सार्वजनिक, हे सूत्र येथे प्रथम स्पष्टपणे लिहिले गेले, याची नोंद घ्यावी लागते.

एका शब्दाचे स्थलांतर

१९९५ च्या नोव्हेंबरमध्ये व्यापारी अवकाश-वाहतुकीचे कार्यालय परिवहन मंत्र्याच्या थेट अखत्यारीतून काढून फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, या विमानवाहतूक प्रशासनाकडे सोपविण्यात आले. वरवर पाहता ही एक सामान्य प्रशासकीय फेररचना होती. परंतु तिच्या नंतरच्या अकरा-बारा महिन्यांत जे घडले, ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे.

११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि त्यातील सर्व ११० जणांचा मृत्यू झाला. कमी भाड्याच्या नव्या विमान कंपन्यांना वाढू देण्याच्या उत्साहात एफएएने तपासणी सैल ठेवली काय, असा प्रश्न तेव्हा उभा राहिला. विमानवाहतुकीची सुरक्षितता पाहणे आणि विमानवाहतुकीचा प्रसार करणे ही दोन्ही कामे कायद्यानेच एफएएला दिलेली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला, एफएएच्या कर्तव्यांतून प्रसाराचे काम काढून टाकले आणि सुरक्षिततेला सर्वोच्च स्थान दिले.

अवकाश-वाहतुकीच्या कार्यालयाचे प्रसाराचे कर्तव्य मात्र तसेच राहिले. म्हणजे ज्या वास्तूतून विमानांच्या बाबतीत एक शब्द ११० मृत्यूंनंतर हद्दपार झाला, त्याच वास्तूत काही महिन्यांपूर्वी तोच शब्द अग्निबाणांच्या पाठीवर बसून दाखल झाला होता, आणि त्याला कोणी हटकले नाही. विमान हा परिपक्व उद्योग आणि अग्निबाण हा बाल्यावस्थेतील उद्योग, असे त्याचे समर्थन केले जाते. बालकाला संरक्षण लागते हे खरे; पण येथे संरक्षण बालकाचे व्हावयाचे की त्याच्या खेळामुळे जखमी होऊ शकणाऱ्यांचे, हा मूळ प्रश्न आहे.

प्रसारक आणि नियामक यांना वेगळे करण्याचा धडा अमेरिकेला त्याआधीच मिळालेला होता. अणुऊर्जा आयोग अणुभट्ट्यांचा प्रसारही करीत असे आणि त्यांचे नियमनही. हा अंतर्विरोध असह्य झाल्यावर १९७४ च्या कायद्याने आयोग मोडून नियमनाचे काम स्वतंत्र आयोगाकडे देण्यात आले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड हे अपघात-चौकशी मंडळ परिवहन खात्यापासून पूर्णपणे विलग केले. ज्या खात्याच्या चुकांची चौकशी करावयाची, त्याच खात्याच्या छपराखाली चौकशी मंडळाने बसू नये, हा त्यामागील साधा विचार. एकाच वर्षी दोन क्षेत्रांत मान्य झालेले तत्त्व दहा वर्षांनी तिसऱ्या क्षेत्रात विसरले जावे, याचे नवल वाटते.

‘प्रवासी’ नव्हे, ‘सहभागी’

२१ जून २००४ रोजी ‘स्पेसशिपवन’ या खासगी यानाने माणसाला अवकाशाच्या सीमेपलीकडे नेऊन परत आणले. ऑक्टोबरमध्ये त्याने एक कोटी डॉलरचे ‘एक्स प्राइझ’ जिंकले, आणि वर्ष संपण्यापूर्वी, २३ डिसेंबर रोजी, माणसांच्या खासगी उड्डाणांसाठी कायद्यात दुरुस्ती झाली. या दुरुस्तीची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे.

पैसे मोजून यानात बसणाऱ्या व्यक्तीला कायदा ‘प्रवासी’ म्हणत नाही. तो तिला ‘अवकाश-उड्डाण सहभागी’ म्हणतो. शब्दांतील हा फरक किरकोळ नाही. प्रवासी हा वाहतूकदाराच्या हवाली झालेला माणूस असतो. त्याच्या सुरक्षिततेची हमी देण्याची जबाबदारी वाहतूकदारावर आणि शासनावर येते. एस.टी.त बसलेल्या उताऱ्याकडून कोणी गाडीच्या ब्रेकविषयी संमतिपत्र लिहून घेत नाही. सहभागी मात्र साहसात उतरलेला असतो. जोखीम त्याची स्वतःची. यान सुरक्षित असल्याचे अमेरिकेच्या शासनाने प्रमाणित केलेले नाही, असे कंपनीने त्याला लेखी कळवावयाचे आणि त्याने जाणीवपूर्वक संमतीची सही करावयाची, एवढ्यावर कायदा थांबतो. वैद्यकातून उचललेली ‘जाणीवपूर्वक संमती’ ही कल्पना येथे उलटी वापरली आहे. रुग्णाच्या बाबतीत ती प्रमाणित डॉक्टर आणि मान्यताप्राप्त औषध यांच्या जोडीने येते. येथे ती प्रमाणीकरणाच्या ऐवजी आलेली आहे.

याहून महत्त्वाची तरतूद पुढची. यानातील माणसांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्यास एफएएला आठ वर्षे, म्हणजे २०१२ पर्यंत, मनाई करण्यात आली. या अवधीला ‘शिकण्याचा काळ’ असे गोंडस नाव मिळाले. अपवाद ठेवला तो असा : एखाद्या रचनेमुळे वा कार्यपद्धतीमुळे माणूस मेला, गंभीर जखमी झाला किंवा तसे होण्याचा मोठा धोका प्रत्यक्ष प्रसंगातून दिसून आला, तर त्या बाबीपुरता नियम करता येईल. म्हणजे नियमाच्या आधी अपघात हवा. पुढे हा काळ २०१५ पर्यंत, मग २०२३ पर्यंत, त्यानंतर काही महिन्यांच्या तुकड्यांनी आणि अखेरीस २०२४ च्या कायद्याने १ जानेवारी २०२८ पर्यंत वाढविण्यात आला. आठ वर्षांचा अभ्यासक्रम तेवीस वर्षांचा झाला. परीक्षा सतत पुढे ढकलली जाते, तेव्हा विद्यार्थ्याची तयारी झालेली नाही की परीक्षकालाच परीक्षा नको आहे, असा प्रश्न अध्यापकाच्या मनात येणे साहजिक आहे.

नियम करण्यास मनाई असलेल्या या कार्यालयाला बिल्ले वाटण्यास मात्र मनाई नव्हती. २००४ पासून एफएए खासगी यानांतून अवकाशात जाऊन आलेल्यांना ‘व्यापारी अंतराळवीर’ म्हणून पंखांचे मानचिन्ह देत असे. जुलै २०२१ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिक आणि ब्लू ओरिजिन यांनी आपापल्या धनाढ्य संस्थापकांना अवकाश-सीमेवर नेले, तेव्हा पात्रतेचे निकष कडक करण्यात आले, आणि २०२१ च्या अखेरीस हा उपक्रम बंद झाला. नियामकाने नियमिताच्या छातीवर बिल्ला लावण्याचे हे दृश्य सतरा वर्षे कोणाला खटकले नाही.

मोहावी वाळवंटातील धडा

३१ ऑक्टोबर २०१४ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटावर ‘स्पेसशिपटू’ हे यान चाचणी-उड्डाणात हवेतच मोडून पडले. सहवैमानिक मायकेल अल्सबरी मृत्युमुखी पडले. वैमानिक पीटर सिबोल्ड गंभीर जखमी होऊनही वाचले. या अपघाताची चौकशी उपरोल्लेखित स्वतंत्र मंडळाने केली आणि जुलै २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. आंतरखातेीय सहकार्याच्या अभ्यासकाने वाचावा असा हा दस्तऐवज आहे.

यानाच्या शेपटीचा भाग वर उचलून परतीच्या प्रवासात वेग आवरण्याची एक यंत्रणा होती. तिचे कुलूप ध्वनीच्या १.४ पट वेग गाठल्यावर उघडावयाचे होते. सहवैमानिकाने ते सुमारे ०.८ पट वेगालाच उघडले. हवेच्या दाबाने शेपूट उचलली गेली आणि यान फुटले. चूक माणसाची होती, परंतु मंडळ तेथे थांबले नाही. माणसाच्या एका चुकीने यान नष्ट होऊ शकते, ही शक्यता ‘स्केल्ड कॉम्पोझिट्स’ या निर्मात्या कंपनीने विचारात घेतली नव्हती, हे मंडळाने मुख्य कारण मानले.

मग प्रश्न येतो तो परवाना देणाऱ्या कार्यालयाचा. मानवी चुका आणि संगणक-आज्ञावलीतील चुका यांचे विश्लेषण करणे नियमाने आवश्यक होते. कंपनीच्या विश्लेषणात ते नाही, हे एफएएच्या ध्यानात आले होते. अशा वेळी नियामकाने अर्ज परत पाठवून त्रुटी दूर करण्यास सांगावे, ही सामान्य अपेक्षा. एफएएने जुलै २०१३ मध्ये त्या आवश्यकतेतूनच कंपनीला सूट दिली, आणि तीही कंपनीने मागितलेली नसताना. परवानगीच्या अर्जावर १२० दिवसांत निर्णय देण्याचे कायद्याचे बंधन होते, आणि ते पाळण्याचा दबाव तांत्रिक कर्मचाऱ्यांवर होता. त्यांनी कंपनीला विचारावयाचे काही प्रश्न वरिष्ठांनी गाळले वा बदलले. कोणता प्रश्न जमिनीवरील जनतेच्या सुरक्षिततेचा आणि कोणता केवळ मोहिमेच्या यशाचा, ही रेषा कार्यालयात स्पष्ट नव्हती.

हा शेवटचा मुद्दा मूळ कायद्याशी थेट जोडलेला आहे. यानाखालच्या जनतेचे रक्षण करा, पण यानातील माणसांविषयी नियम करू नका, असे कायदा सांगतो. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात कुलूप वेळेआधी उघडले तर काय होईल, हा प्रश्न एकाच वेळी दोन्हींचा असतो. फुटलेले यान खाली पडतेच. विचारलेला प्रश्न अधिकारकक्षेबाहेरचा तर नाही ना, या भीतीने जो अभियंता प्रश्न गिळतो, तो जनतेच्या रक्षणाचाही प्रश्न गिळत असतो. येथे कुंपणाने शेत खाल्ले असे म्हणता येणार नाही. कुंपणालाच पीक वाढविण्याचे काम दिले गेले, आणि मग ते राखणीत कमी पडले.

हे सर्व बाहेर आले ते एका असहकारी संस्थेमुळे. चौकशी मंडळावर प्रसाराचे कर्तव्य नव्हते, परवाना देण्याची घाई नव्हती आणि परिवहन खात्याचे वर्चस्वही नव्हते. सहकार्याच्या जाळ्याबाहेर निदान एक संस्था ठेवणे किती आवश्यक असते, याचे याहून चांगले उदाहरण या क्षेत्रात सापडणार नाही.

नासाचा मार्ग आणि त्याची मर्यादा

वरील विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. शासकीय यंत्रणांनी उद्योगाला हात दिला म्हणूनच अवकाश-वाहतूक स्वस्त झाली, आणि अतिरेकी नियमनाने ती जन्मतःच गुदमरली असती, असा तो आक्षेप आहे. त्याला पुराव्याचे पाठबळ आहे. नासाने २००६ मध्ये अंतराळ स्थानकापर्यंत माल वाहून नेण्यासाठी खासगी कंपन्यांशी भागीदारी सुरू केली. ठरलेले टप्पे गाठल्यावरच ठरलेली रक्कम द्यावयाची, अशी पद्धत होती. निधी उभारू न शकलेल्या ‘रॉकेटप्लेन किस्लर’ कंपनीशी असलेला करार नासाने पुढच्याच वर्षी संपविला. स्पेसएक्सला या योजनेत एकूण ३९.६ कोटी डॉलर मिळाले, आणि तिचे ‘ड्रॅगन’ यान मे २०१२ मध्ये स्थानकाला जोडले गेले. ‘फाल्कन ९’ हा अग्निबाण नासाच्या पारंपरिक पद्धतीने विकसित केला असता, तर सुमारे ४०० कोटी डॉलर लागले असते, असा अंदाज नासानेच २०११ मध्ये बांधला होता. कंपनीचा त्यावरील खर्च त्याच्या दशांशाहून कमी होता. हे यश नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु या यशाचे स्वरूप नीट पाहिले, तर ते आमच्याच मताला पुष्टी देते. या व्यवहारात नासा चोखंदळ ग्राहक होती. तिच्याकडे अनुभवी अभियंते होते, ‘चॅलेंजर’ आणि ‘कोलंबिया’ यांच्या कटू आठवणी होत्या, आणि नकार देण्याची ताकद होती. माणसे वाहून नेण्याचे करार सप्टेंबर २०१४ मध्ये बोइंगशी ४२० कोटी आणि स्पेसएक्सशी २६० कोटी डॉलरना झाले, तेव्हा नासाने आपल्या अंतराळवीरांसाठी स्वतःचे प्रमाणीकरण बंधनकारक केले. बोइंगच्या ‘स्टारलायनर’मधून जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्थानकावर गेले, यानाच्या प्रणोदकांत बिघाड आढळल्यावर नासाने ते सप्टेंबरमध्ये रिकामेच परत आणले, आणि दोघे मार्च २०२५ मध्ये ‘ड्रॅगन’मधून परतले. विलंब झाला, टीका झाली, कंपनीची मानहानी झाली; तरी ग्राहकाने ‘नाही’ म्हटले.

नासा आणि एफएए यांनी जून २०१२ मध्ये केलेला सामंजस्य करार या पार्श्वभूमीवर वाचावा. नासाच्या मोहिमांत यानातील माणसांची सुरक्षितता नासा पाहील आणि जनतेची सुरक्षितता एफएए पाहील, अशी त्यात कामाची वाटणी आहे. दुहेरी नियम टाळणारा हा समन्वय उत्तम आहे. मात्र नासाचा अंतराळवीर यानात नसेल, तर वाटणीतील पहिला वाटा कोणाकडेच जात नाही. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या यानात बसलेला शासकीय अंतराळवीर आणि तिकीट काढून बसलेला नागरिक यांच्यासाठी शासनाची जबाबदारी इतकी निराळी असावी, याचे समाधानकारक समर्थन अद्याप आमच्या वाचनात आलेले नाही.

किनाऱ्यावरची माणसे

परवानाप्राप्त उड्डाणांमुळे जमिनीवरील सामान्य नागरिकाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही, ही एफएएच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे आणि ती रास्तच आहे. तथापि अलीकडच्या घटना या बाजूनेही चिंता वाढविणाऱ्या आहेत. २० एप्रिल २०२३ रोजी टेक्सासच्या बोका चिका येथून ‘स्टारशिप’चे पहिले पूर्ण उड्डाण झाले. अग्निबाणाने प्रक्षेपणमंचाचे काँक्रीट उखडले आणि काही मैलांवरील पोर्ट इसाबेल गावावर धूळ बरसली. एफएएच्या देखरेखीखालील चौकशीतून ६३ सुधारणा निघाल्या. त्यानंतर १६ जानेवारी २०२५ रोजी सातव्या उड्डाणात यान फुटून त्याचे तुकडे टर्क्स आणि कायकोस बेटांच्या परिसरात पडले आणि अनेक प्रवासी विमानांना मार्ग बदलावे लागले. ६ मार्चच्या आठव्या उड्डाणातही तसेच घडले. तरीही मे २०२५ मध्ये त्या तळावरून वर्षाला २५ उड्डाणांना एफएएने मान्यता दिली.

१३ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात परिवहन मंत्र्याला प्रक्षेपण-परवान्यांसाठीची पर्यावरणीय परीक्षणे शक्य तेथे वगळण्याचे वा वेगाने उरकण्याचे निर्देश आहेत. २०१८ च्या अवकाश धोरण निर्देशापासून सुरू झालेल्या आणि २०२१ च्या नव्या परवाना-नियमांत उतरलेल्या सुलभीकरणाचा हा पुढचा टप्पा होय. १९८२ च्या कोनेस्टोगाला जी दारे ठोठवावी लागली, त्यांपैकी पुष्कळ निरर्थक होती. पण वन्यजीव खात्याचे दार निरर्थक नसते. बोका चिकाच्या आसपास किनारी पक्ष्यांची वसतिस्थाने आहेत आणि तेथील प्रश्न दुसरे कोणतेही खाते विचारत नाही. अनावश्यक दार आणि आवश्यक दार यांत भेद न करता दारांची केवळ संख्या मोजणे, हा सुलभीकरणाच्या भाषेचा जुना दोष येथेही दिसतो.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांसाठी अवकाश-क्षेत्र खुले केले आणि ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापण्याचा निर्णय घेतला. तिचे पूर्ण नाव ‘इंडियन नॅशनल स्पेस प्रमोशन अँड ऑथोरायझेशन सेंटर’ असे आहे. अमेरिकेच्या कायद्यात जे कलमांच्या गर्दीत दडलेले होते, ते आपण संस्थेच्या नावातच लिहून टाकले : प्रसार आणि परवानगी. २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणाने तिला एक-खिडकी यंत्रणेचे स्थान दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘स्कायरूट’चा ‘विक्रम-एस’ आणि मे २०२४ मध्ये ‘अग्निकुल’चा अग्निबाण श्रीहरिकोट्यावरून उडाले, त्यामागे इस्रोच्या सुविधा आणि इन-स्पेसची परवानगी होती. हे सहकार्य स्वागतार्ह आहे. मात्र इन-स्पेसची निर्मिती संसदेच्या कायद्याने नव्हे, तर मंत्रिमंडळाच्या निर्णयाने झाली, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

आपल्याच अणुऊर्जा क्षेत्रातील इतिहास या बाबतीत बोलका आहे. मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये शासकीय आदेशाने स्थापन झाले. नियामकाला स्वतंत्र वैधानिक दर्जा नसल्याबद्दल महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात त्या वेळच्या व्यवस्थेवर कठोर टीका केली होती. तारापूर येथील भट्ट्या त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होत्या. उद्योग आधी आणि स्वतंत्र नियामक मागाहून, हा क्रम आपणही एकदा अनुभवला आहे. उच्च शिक्षणात मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये मूल्यांकनासाठी वेगळी परिषद उभी केली. तिच्या कार्यपद्धतीविषयी प्राध्यापकवर्गात कितीही कुरबूर असली, तरी निधी देणारा हात आणि गुण देणारा हात वेगळे असावेत, हे तत्त्व तेथे निदान मान्य झाले.

तमिळनाडूतील कुलशेखरपट्टिनम येथे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी देशाच्या दुसऱ्या प्रक्षेपणकेंद्राची पायाभरणी झाली. तेथून मुख्यतः लहान अग्निबाण, आणि त्यांत खासगी कंपन्यांचेही, उडावेत अशी योजना आहे. विमान-अपघातांच्या चौकशीचे काम आपण २०१२ मध्ये नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडून काढून वेगळ्या ब्यूरोकडे दिले. खासगी अग्निबाणाचा अपघात झाल्यास त्याची चौकशी परवाना देणाऱ्या, तळ पुरविणाऱ्या आणि उद्योगाचा प्रसार करणाऱ्या संस्थांपैकी कोणाकडेही जाणार नाही, अशी तरतूद भावी अवकाश-कायद्याच्या मसुद्यात स्वतंत्र कलमाने करावी लागेल, आणि ते कलम पहिल्या अपघाताच्या आधी लिहिलेले असावे लागेल.